रेषेचे आचार्य आणि रंगाचे इतर जन

विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात 'चित्रसूत्र' नावाचा जो भाग आहे, त्यात चित्राकडे कोण कशासाठी पाहतो याची एक छोटीशी वर्गवारी आलेली आहे. आचार्य रेषेची प्रशंसा करतात, जाणकारांना छायाप्रकाशाचे काम आवडते, स्त्रियांना चित्रातली आभूषणे हवी असतात आणि उरलेल्या लोकांना रंगांची श्रीमंती भावते, असा तिचा आशय. वर्गवारी दिसायला साधी आहे, परंतु तिच्यात एक उतरंड दडलेली आहे. वरच्या पायरीवर रेषा आणि आचार्य. खालच्या पायरीवर रंग आणि 'इतर जन'. रंगाची आवड ही सामान्यांची आवड, आणि म्हणून रंग भरणे हे सामान्यांचे काम, हा समज पुढे कित्येक शतके आणि कित्येक देशांत टिकून राहिलेला दिसतो. कोणी कोणाकडून उचलला असे नव्हे; प्रत्येक ठिकाणी तो स्वतंत्रपणे उगवला.

या उतरंडीची आठवण आम्हांला झाली ती एका अगदी घरगुती छंदाच्या निमित्ताने. 'डिजिटल स्टॅम्प' म्हणजे टपालाचे तिकीट नव्हे. रबरी शिक्का उमटवल्यावर कागदावर जशी नुसती काळी बाह्यरेषा उमटते, तशी बाह्यरेषा असलेली चित्राची संगणकीय फाइल. फुलांची परडी, छत्री धरलेली मुलगी, खिडकीतले मांजर असे काहीही. चित्रकार ती काढतो, महाजालावर विकतो. घेणारा ती उतरवून घेतो, फोटोशॉप किंवा गिंप यांसारख्या प्रणालीत उघडतो, तिच्यात रंग भरतो, छापतो आणि त्याचे शुभेच्छापत्र करतो. अमेरिकेत आणि युरोपात रबरी शिक्क्यांनी शुभेच्छापत्रे सजवण्याचा छंद 1970 आणि 1980च्या दशकांत चांगला रुजला होता. 2000नंतरच्या दशकात त्याच छंदाने शिक्का सोडला आणि फाइल हाती घेतली.

या छंदाकडे 'रिकामपणाचा उद्योग' म्हणून पाहणारे पुष्कळ आहेत. कोणीतरी काढून दिलेल्या चौकटीत रंग ओतायचे, यात कला ती कसली, असा त्यांचा प्रश्न असतो. तो अगदीच निराधार नाही. परंतु तो प्रश्न नवा नाही, आणि त्याचे उत्तर देताना इतिहासाने बहुतेक वेळा रंग भरणाऱ्यावर अन्याय केला आहे, एवढेच आम्हांला प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

कागदावरचा 'इतर जन'

युरोपात पंधराव्या शतकात लाकडी ठशांनी चित्रे छापली जाऊ लागली, तेव्हा ठसा फक्त काळी रेषा देत असे. संतांची चित्रे आणि खेळण्याचे पत्ते यांना मागणी मोठी होती आणि गिऱ्हाइकाला रंग हवा असे. तो रंग हाताने भरणारा एक वेगळा व्यवसायच जर्मन नगरांत उभा राहिला. योस्ट अम्मान याने चितारलेला आणि हान्स झाक्स याने पद्ये लिहिलेला व्यवसायांचा एक सचित्र ग्रंथ 1568 साली फ्रांकफुर्टला निघाला. त्यात रेखाटन करणारा, ठसा कोरणारा आणि छापील चित्रे रंगवणारा असे तीन वेगवेगळे कारागीर तीन वेगवेगळ्या पानांवर दाखवले आहेत. तिसऱ्याच्या हातात जाड कुंचला आहे आणि पुढे कापलेला साचा. एका रंगाला एक साचा. साचा ठेवायचा, कुंचला फिरवायचा, पुढचा कागद घ्यायचा. आपल्याकडे रांगोळीच्या छाप्यावर रंग चाळताना हात जसा चालतो, तसेच हे काम.

याच काळात रेषेच्या बाजूने एक वजनदार साक्षही नोंदवली गेली. आल्ब्रेष्ट ड्यूरर 1528 साली वारला, त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका संवादात इरॅस्मसने त्याची स्तुती केली. प्राचीन ग्रीक चित्रकारांना रंगांची मदत लागली, ड्यूररने मात्र प्रकाश, छाया, वादळ, वीज, माणसाच्या मनातले भाव हे सारे निव्वळ काळ्या रेषांनी साधले. त्यावर कोणी रंग फासला तर चित्राचा अपमान होईल, असे त्याच्या म्हणण्याचे सार आहे. ड्यूररच्या बाबतीत ते खरेही असेल. पण विद्वानाने केलेली अशी स्तुती हळूहळू नियम होऊन बसते. रंग म्हणजे 'फासणे', ही कल्पना प्रतिष्ठित झाली ती अशी.

मग रंगकाम कोणाकडे गेले? ज्यांची मजुरी कमी त्यांच्याकडे. लंडनचे 'कर्टिसचे बोटॅनिकल मॅगझिन' 1787 साली सुरू झाले. वनस्पतींची ओळख पटवणे हा त्याचा उद्देश. पाकळीचा रंग चुकला तर शास्त्रच चुकले. अशा नियतकालिकाची चित्रपाने 1948 सालापर्यंत, म्हणजे दीडशेहून अधिक वर्षे, माणसांच्या हातांनी रंगवली जात होती. चित्रकारांची नावे वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात आदराने घेतली जातात. पानामागून पान तोच गुलाबी रंग त्याच छटेत उतरवणाऱ्या हातांची नावे घ्यायची म्हटली तर सापडत नाहीत.

न्यूयॉर्कच्या करियर अँड आइव्हज या शिळाछपाईच्या कारखान्यात तर रंगकामाची साखळीच होती. लांब टेबलाशी बायका बसत, मध्ये रंगवलेला नमुना ठेवलेला असे. प्रत्येकीने आपला एकच रंग लावायचा आणि कागद शेजारणीकडे सरकवायचा. पॅरिसमध्ये एलिझाबेथ थुइलिए हिच्या कार्यशाळेत जॉर्ज मेलिएसचे चित्रपट रंगवले जात. फिल्मची चौकट केवढी, तर बोटाच्या पेरात मावेल एवढी. तिच्याच सांगण्याप्रमाणे तिच्याकडे 220 कामकरी होते. रात्र रात्र जागून ती रंग ठरवी आणि दिवसा प्रत्येक कामकरी आपला एकेकच रंग लावी. मेलिएसला आपण चित्रपटकलेचा आद्य जादूगार म्हणतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच्या जादूतला लाल धूर आणि सोनेरी झगे ज्यांनी केले, त्या 220 जणांपैकी नाव उरले ते एका थुइलिएबाईंचे.

समासातली दोन नावे

हे असेच घडायला हवे होते का? अपरिहार्य होते का? आमच्या मते नव्हते, आणि त्याचा पुरावा आपल्याच भूमीत आहे.

अकबराच्या चित्रशाळेत एकाच चित्रावर दोन-तीन माणसांनी काम करण्याची रीत होती. एकाने रचना आणि रेखाटन करायचे, त्याला 'तरह' म्हणत. दुसऱ्याने रंग भरून चित्र पुरे करायचे, तो 'अमल'. कधी मुख्य व्यक्तीचा चेहरा तिसराच करी. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या अकबरनाम्यात 1561 सालचा एक प्रसंग दोन पानांवर पसरलेला आहे: हवाई नावाच्या बेफाम हत्तीवर बसलेला तरुण अकबर, समोरून पळणारा दुसरा हत्ती, आणि दोघांच्या वजनाखाली यमुनेवरचा नावांचा पूल मोडतो आहे. हे चित्र रचले बसावनने आणि रंगवले चेतर मुनीने. ही माहिती कोणा आधुनिक संशोधकाने तर्काने काढलेली नाही. पानाच्या खालच्या समासात ती लिहूनच ठेवलेली आहे.

समासात नाव का लिहिले गेले, याचा विचार करण्यासारखा आहे. ऐने-अकबरीत अबुल फज्लने नोंदवले आहे की चित्रशाळेचे काम दर आठवड्याला बादशहापुढे मांडले जाई आणि कामाच्या गुणवत्तेनुसार बक्षीस किंवा पगारवाढ दिली जाई. ज्याला पगार द्यायचा त्याचे नाव कारकुनाने नोंदवले पाहिजे, एवढा साधा हिशेब त्यामागे असावा. पण त्या हिशेबाने एक मोठी गोष्ट केली. रंग भरणारा हाही त्या चित्राचा कर्ता आहे, हे तिने कागदावर मान्य केले. तेथेही उतरंड होतीच. बसावन हा उस्ताद आणि त्याचे नाव आधी. तरीही चेतर मुनी नाहीसा झाला नाही. आज त्या चित्रातल्या पाण्याचा हिरवटपणा पाहताना हे कोणाचे, असे विचारले तर उत्तर देता येते.

जपानचे उदाहरण याच्या मधले आहे. तेथे 1765 साली सुझुकी हारुनोबूच्या चित्रांपासून बहुरंगी छपाईचा बहर सुरू झाला. प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा. सारे ठसे कागदावर नेमके एकमेकांवर बसावेत म्हणून ठशाच्या कडेला खुणेच्या खाचा ठेवलेल्या. चित्रकार, कोरक्या, छापणारा आणि प्रकाशक अशी चौघांची ही भागीदारी. चित्रावर चित्रकाराची सही आणि प्रकाशकाची मुद्रा असे. छापणाऱ्याचे नाव क्वचितच. हिरोशिगेच्या चित्रांतले क्षितिजापाशी गडद होत जाणारे आभाळ पाहून आपण मुग्ध होतो. ती छटा ठशात कोरलेली नसते. छापणारा प्रत्येक वेळी ओल्या ठशावर रंग हाताने विरवत नेई, तेव्हा ती उमटे. आभाळ हिरोशिगेचे खरे, पण त्यातली संध्याकाळ कोणाची?

रेषा वर, रंग खाली

संगणकाकडे येण्यापूर्वी चित्रपटातल्या आणखी एका कार्यशाळेत डोकावले पाहिजे, कारण आजच्या प्रणालीची सगळी बांधणी तेथे हाताने झालेली दिसते. डिस्नेच्या व्यंगपटांत पारदर्शक सेल्युलॉइडच्या पत्र्यावर पुढच्या बाजूने शाईची रेषा काढीत आणि रंग मागच्या बाजूने भरीत. त्यामुळे रंग रेषेबाहेर थोडा गेला तरी रेषा अभंग राही. या विभागात बहुतांशी स्त्रिया होत्या. 1937च्या 'स्नो व्हाइट'साठी त्यांनी अक्षरशः डोळे शिणवले. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत मात्र त्यांना जागा मिळाली नाही. 1961च्या 'वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स'मध्ये रेषा पत्र्यावर उतरवण्याचे काम झेरॉक्स यंत्राने केले आणि शाईवाल्या बायकांचे काम गेले. 1990च्या 'द रेस्क्यूअर्स डाउन अंडर'मध्ये रंगही संगणकाने भरला आणि कुंचलेवाल्यांचेही गेले.

ज्या वर्षी हे झाले, त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत फोटोशॉपची पहिली आवृत्ती बाजारात आली. थॉमस आणि जॉन नोल या भावांनी ती घडवली होती. संगणकावर रंग भरण्याची कल्पना अर्थात त्याहून जुनी. रिचर्ड शूप याने झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात 1973 साली 'सुपरपेंट' चालवून दाखवले होते. 1984च्या मॅकिंटॉशबरोबर बिल अ‍ॅटकिन्सनचे 'मॅकपेंट' घरोघर पोचले आणि त्याबरोबर रंग ओतणाऱ्या बादलीचे चिन्हही. गंमत अशी की त्या मॅकिंटॉशच्या पडद्यावर काळ्या-पांढऱ्याखेरीज रंगच नव्हता. बादलीतून ओतले जात ते ठिपक्यांचे आणि रेघांचे नमुने. बादली आधी आली, रंग नंतर.

1994 साली फोटोशॉपच्या तिसऱ्या आवृत्तीत 'थर' आले आणि सेल्युलॉइडची जुनी युक्ती पडद्यावर अवतरली. डिजिटल स्टॅम्प रंगवणारा आज नेमके तेच करतो. रेषेची फाइल वरच्या थरावर ठेवतो आणि त्या थराला 'मल्टिप्लाय' हा मिश्रणाचा प्रकार लावतो. यात वरच्या आणि खालच्या थरांच्या प्रकाशमूल्यांचा गुणाकार होतो. पांढऱ्याचे मूल्य एक, म्हणून पांढऱ्या जागी खालचा रंग जसाच्या तसा दिसतो. काळ्याचे मूल्य शून्य, म्हणून काळी रेषा काळीच राहते. मग खाली नवा थर घेऊन त्यावर रंग भरायचा. डिस्नेच्या बाईने पत्रा उलटा करून केले ते हेच.

पण बादली ओतली की चित्र रंगले, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा ती ओतून पाहावी. रेषेत कोठे एका बिंदूची फट राहिलेली असेल तर झग्याचा रंग साऱ्या आभाळात सांडतो. रेषा पूर्ण बंद असेल तरी रेषा आणि रंग यांच्यामध्ये एक पांढुरकी किनार राहते. कारण पडद्यावरची रेषा मऊ दिसावी म्हणून तिच्या कडेला करड्या छटांचे बिंदू पेरलेले असतात आणि बादली त्यांच्याशी येऊन थबकते. म्हणून निवडलेला भाग एक-दोन बिंदूंनी रेषेखाली सरकवावा लागतो. एवढे झाले की मग खरे काम. प्रकाश कोठून येतो? गालावर सावली किती? छत्री लाल असेल तर मुलीच्या चेहऱ्यावर तिची झाक पडेल की नाही? रेषा यातले काहीच सांगत नाही. तीच मुलगी एकाच्या हाती सकाळच्या उन्हात उभी राहते आणि दुसऱ्याच्या हाती पावसाळी तिन्हीसांजेला. रेषेने सांगितले ते 'कोण' एवढेच. 'केव्हा' आणि 'कशा मनःस्थितीत' हे रंग ठरवतो. चित्रातला हा निम्मा अर्थ रंगवणाऱ्याचा आहे, हे मान्य करायला आचार्यांना अजून जड का जावे?

नावाचा प्रश्न

रंग भरणाऱ्याला नाव मिळण्याचा एक आधुनिक प्रसंग चित्रकथांच्या जगात घडला. कात्सुहिरो ओतोमोची 'अकिरा' ही जपानी चित्रकथा मुळात काळी-पांढरी. 1988 साली ती अमेरिकेत निघू लागली तेव्हा स्टीव्ह ऑलिफ याने संगणकाच्या मदतीने तिला रंग दिला. 1992 साली चित्रकथांच्या आयझनर पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट रंगकामाचा विभाग आला आणि तो पहिला मान ऑलिफला मिळाला. रंगकार हा कर्ता आहे, हे चेतर मुनीनंतर एवढ्या उघडपणे क्वचितच कोणी म्हटले असेल. परंतु उतरंड चिवट असते. रंगकाराला नाव मिळाले, तसे त्याच्या खालीही एक थर तयार झाला. पानावरचे प्रत्येक क्षेत्र निवडून त्यात सपाट रंग घालून देणारे साहाय्यक आले, आणि त्यांची नावे पुन्हा बहुधा छापली जात नाहीत.

डिजिटल स्टॅम्पच्या छंदात व्यवहार कसा आहे? फाइल विकत घेताना सोबत अटी येतात: फाइल दुसऱ्याला द्यायची नाही, हाताने केलेली थोडी शुभेच्छापत्रे विकली तर चालेल, मूळ चित्रकाराचा उल्लेख करावा. या अटी न्याय्य आहेत. फाइल चोरली गेली तर चित्रकाराच्या पोटावर पाय येतो, आणि ही चोरी फार सोपी आहे. तथापि या साऱ्या अटी एकाच दिशेने पाहतात. रेषेचा मालक ठरलेला आहे. रंगाचा मालक कोण, हे कोणी विचारत नाही, आणि रंगवणारी स्वतःही विचारत नाही. 'मी नुसता रंग भरला' असे ती म्हणते. त्या 'नुसता'मध्ये चित्रसूत्रापासूनची सगळी उतरंड आहे.

एका बाबतीत मात्र हा छंद इतिहासापेक्षा वेगळा आहे, आणि ते लक्षात घेतले पाहिजे. करियर अँड आइव्हजच्या टेबलाशी बसलेली बाई मजुरीसाठी बसली होती आणि तिला एकच रंग लावण्याची मुभा होती. आजची छांदिष्ट बाई रेषेसाठी स्वतः पैसे मोजते आणि सगळे रंग तिचे असतात. यंत्राने जे काम मजुरी म्हणून संपवले, ते आवड म्हणून परत आले. याचे आपल्याकडचे पूर्वरूप शोधायचे तर राजा रविवर्म्याच्या छापील चित्रांकडे पाहावे. त्याचा छापखाना 1894 साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. प्रत्येक रंगाचा वेगळा दगड वापरून तेथे लक्ष्मी आणि सरस्वती छापल्या गेल्या. चित्र रंगीत होते, पूर्ण होते. तरीही ते घरी आल्यावर कितीतरी स्त्रियांनी देवीच्या साडीवर खरे कापड चिकटवले, काठाला जर लावली, दागिन्यांवर टिकल्या शिवल्या. अशी सजवलेली चित्रे आज संग्राहक जपून ठेवतात. चित्रसूत्रकार म्हणाला असता, स्त्रियांना आभूषणे हवी असतात! हवी असतीलही. पण हजारो प्रतींतली एक प्रत त्या हातांनी 'आपली' केली, हे त्याच्या वर्गवारीत बसत नाही.

आता या कथेत नवे पात्र आले आहे. जपानमध्ये 2017 साली रेखाचित्र दिले की आपोआप रंग भरून देणारी 'पेंट्सचेनर' ही प्रणाली निघाली. 2020 साली फोटोशॉपमध्येही काळ्या-पांढऱ्या चित्राला आपोआप रंग देणारी सोय आली, आणि त्यानंतर रेषाही यंत्रच काढू लागले. म्हणजे आचार्य आणि इतर जन दोघेही एकदमच रांगेबाहेर पडण्याची वेळ आली आहे. चित्रकार आपल्या रेषेसाठी भांडत आहेत आणि ते भांडण आम्हांला रास्त वाटते. मात्र त्यांच्या बाजूने उभे राहताना एक आठवण द्यावीशी वाटते. झेरॉक्स यंत्राने शाईवाल्या बायकांचे काम नेले तेव्हा, आणि संगणकाने कुंचलेवाल्यांचे नेले तेव्हा, ती 'कलेची हानी' मानली गेली नाही, 'खर्चाची बचत' मानली गेली. ज्या हातांना नाव नव्हते, त्यांच्या जाण्याचा शोकही झाला नाही.

म्हणून आमची सूचना फार लहान आहे, आणि अकबराच्या कारकुनाला सुचलेलीच आहे. शुभेच्छापत्राच्या पाठीमागे मूळ चित्रकाराचे नाव लिहिण्याची पद्धत आहेच. त्याच्याखाली आणखी एक ओळ असावी: रंग कोणाचे, ते सांगणारी.